चाळिसांच्या यादीबाहेर

शॉर्ट ट्रॅक स्केटिंगमध्ये बर्फावरची एक फेरी १११.१२ मीटरची असते. बेसबॉलमध्ये होमवरून, म्हणजे फलंदाज उभा असतो तिथून, सुटायचं, तिन्ही बेसना पाय लावायचा आणि पुन्हा होमवर यायचं, तर नव्वद फुटांच्या चार बाजू मिळून ३६० फूट, म्हणजे जवळपास ११० मीटर होतात. दोन्ही फेऱ्या डावीकडे वळत, घड्याळाच्या उलट दिशेनं. या दोन्ही खेळांत ऑलिंपिक पदक मिळवलेला आजवर एकच माणूस आहे, मायामीचा एडी अल्वारेझ. २०१४ मध्ये सोचीला ५,००० मीटर रिलेत रौप्य आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या बेसबॉलमध्ये रौप्य. हिवाळी आणि उन्हाळी अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारा तो जगातला सहावा आणि अमेरिकेचा तिसरा खेळाडू. त्याच्या आधीचे दोन अमेरिकी म्हणजे १९२० च्या बॉक्सिंगमधला आणि १९३२ च्या बॉबस्लेमधला विजेता एडी ईगन, आणि धावपटू लॉरिन विल्यम्स.

ही माहिती टोकियोच्या दिवसांत सगळीकडे छापून आली. तिच्यामुळे दोन पदकांमधली सात वर्षं मात्र झाकली गेली. त्यातली बहुतेक वर्षं अल्वारेझनं अमेरिकेतल्या मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीग या अव्वल स्पर्धेखालच्या पायऱ्यांवर, इनफिल्डर (बेसजवळ उभा राहणारा क्षेत्ररक्षक) म्हणून काढली. मायनर लीगमधल्या इनफिल्डरचं करिअर कसं चालतं, कुठे अडतं आणि देशाची जर्सी त्याच्या वाट्याला नेमकी कोणत्या फटीतून येते, हे समजून घ्यायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

जून २०१४ मध्ये, सोचीच्या पदकाला चार महिने होत असताना, शिकागो व्हाइट सॉक्स या मेजर लीगच्या क्लबनं त्याला करारबद्ध केलं. वय २४. ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब दरवर्षी नवे खेळाडू निवडतात तेव्हा, त्याला कोणी घेतलं नव्हतं. इथेच अर्धी गोष्ट ठरते. ज्या खेळाडूवर क्लबनं साइनिंग बोनसपोटी दहा-वीस लाख डॉलर ओतलेले असतात, त्याला अपयश परवडतं. तो दोन महिने चाचपडला तरी रोज संघात असतो, कारण गुंतवणूक वसूल व्हायची असते. जवळपास फुकट आलेल्या खेळाडूला ती मुभा नसते. त्याच्या वाट्याला उरलेल्या जागा येतात: आज दुसरा बेस, परवा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा), कोणाचं मनगट दुखावलं तर तिसरा बेस, आणि मधल्या दिवशी बाकावर.

वयाचा हिशेबही कडक असतो. कॉलेजातून ड्राफ्ट झालेला मुलगा साधारण एकविसाव्या वर्षी येतो. डॉमिनिकन रिपब्लिक किंवा व्हेनेझुएलातला मुलगा सोळाव्या-सतराव्या वर्षी करार करतो. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए या मायनर लीगच्या चढत्या पायऱ्यांवर प्रत्येकी एक वर्ष धरलं तरी कॉलेजचा मुलगा पंचविशीत मेजर लीगच्या दारापर्यंत पोचतो. अल्वारेझ पंचविसाव्या वर्षी कॅनापोलिसमध्ये, म्हणजे पूर्ण हंगामाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर होता. त्या मोसमात त्यानं पन्नासहून जास्त बेस चोरले, म्हणजे चेंडू मारला गेला नसताना पळून पुढचा बेस गाठला. पण स्काउटच्या वहीत अशा आकड्यांपुढे एक शेरा पडतो: या पातळीसाठी वय जास्त. म्हणजे समोरचा पिचर (चेंडू टाकणारा) वीस वर्षांचा पोर आहे, तेव्हा हे आकडे अर्धेच धरायचे. शेरा क्रूर असला तरी चुकीचा नाही. वीस वर्षांच्या पिचरची स्लायडर, म्हणजे शेवटी बाजूला वळणारा चेंडू, अजून पक्की झालेली नसते आणि धावपटूला पहिल्या बेसवर खिळवून ठेवण्याची कलाही त्याला पुरती आलेली नसते. डबल-एला गेल्यावर ही दोन्ही दारं बंद होतात. बहुतेक करिअर तिथेच मोडतात.

आता इनफिल्डरच्या कामाकडे येऊ, कारण बाहेरून हे काम जेवढं सोपं दिसतं तेवढं दुसरं कुठलंच दिसत नाही.

दुसऱ्या बेसवरचा डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोघांना बाद करणं, घ्या. पहिल्या बेसवर धावपटू आहे आणि चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे गेला आहे. उजव्या हाताच्या सर्वसाधारण फलंदाजाला बॅटला चेंडू लागल्यापासून पहिला बेस गाठायला सुमारे ४.३ सेकंद लागतात. डावखुरा सेकंदाच्या दहाव्या हिश्शानं लवकर पोचतो, खरोखर वेगवान असेल तर चारच्या आत. या वेळेत शॉर्टस्टॉपनं चेंडू उचलायचा, दुसऱ्या बेसवर द्यायचा, तिथल्या खेळाडूनं तो घेऊन नव्वद फुटांवर पहिल्या बेसकडे फेकायचा. दुसऱ्या बेसमननं आधीच दोन-तीन पावलं पुढे आणि दोन-तीन पावलं बेसकडे सरकून उभं राहायचं असतं. त्यामुळे त्याच्या डाव्या हाताला मोठी जागा रिकामी पडते. ती जोखीम जाणूनबुजून घेतलेली असते. चेंडू मारला की त्यानं बेसकडे झेपावत जायचं, पण शेवटची दोन-तीन पावलं आखूड टाकून वेग मारायचा. बेसवर पोचताना शरीर ताब्यात हवं, कारण थ्रो कुठल्या बाजूला येईल हे कोणालाच ठाऊक नसतं. छाती शॉर्टस्टॉपकडे, दोन्ही हात छातीपुढे उघडे, डावा पाय बेसच्या कडेला.

चेंडू आल्यावर ग्लोव्ह मिटायचा नाही. हे शिकायला वर्षं जातात, कारण लहानपणापासून चेंडू ‘पकडायला’ शिकवलेलं असतं. इथे चेंडू ग्लोव्हच्या तळव्यावर आपटून लगेच उजव्या हातात यायला हवा. म्हणून उजवा हात ग्लोव्हच्या अंगठ्यालगत तयार ठेवायचा. ग्लोव्हही त्यासाठीच लहान असतो, मधल्या इनफिल्डरचा सव्वाअकरा ते साडेअकरा इंचांचा आणि उथळ. तिसऱ्या बेसवरचा खेळाडू थोडा मोठा, पावणेबारा ते बारा इंचांचा वापरतो. खोल ग्लोव्हमध्ये चेंडू बोटांकडे जाऊन बसला की तो शोधून काढण्यात जेवढा क्षण जातो, तेवढ्यात पहिल्या बेसवरचा फलंदाज वाचतो.

चूक कुठे होते? घाई झाली की हात चेंडूच्या आधी निघतो आणि चेंडू दोन हातांच्या मधून खाली पडतो. उशीर झाला की बेसवरून पळत असतानाच चेंडू घ्यावा लागतो आणि थ्रो उंच जातो. आणि शॉर्टस्टॉपनं चेंडू दुसऱ्या बेसमनच्या उजव्या खांद्यामागे दिला, तर शरीर उलटं वळतं आणि नेमका त्याच क्षणी धावपटू घसरत पायावर येतो. २०१५ च्या प्लेऑफमध्ये चेस अटलीच्या अशाच घसरणीत मेट्सच्या रुबेन तेहादाचा पाय मोडला. त्यानंतर २०१६ पासून नियम बदलला: धावपटूनं बेसच्या आधी जमिनीवर घसरायला सुरुवात करायची, बेस गाठायचा आणि तिथेच थांबायचा खरा प्रयत्न करायचा, क्षेत्ररक्षकाला उडवण्यासाठी दिशा बदलायची नाही. तसं न केल्यास धावपटू आणि फलंदाज दोघंही बाद. पण त्याच वेळी बेसच्या ‘आसपास’ पाय ठेवून निभावून नेण्याची जुनी सवलतही व्हिडिओ तपासणीत गेली. म्हणजे पाय सुरक्षित झाला, पण आता तो बेसवरच ठेवावा लागतो.

हा सगळा खेळ गुडघ्यांवर असतो, आणि अल्वारेझचे गुडघे तर बर्फानं आधीच खाल्ले होते. २०१२ मध्ये दोन्ही गुडघ्यांच्या वाटीखालचे स्नायुबंध फाटल्यामुळे त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. स्केटिंगनं त्याला दिलंही बरंच: जाड मांड्या, तासभर खाली बसलेल्या अवस्थेत राहण्याची ताकद, सुटताना पहिल्या तीन पावलांचा स्फोट. इनफिल्डरची तयार उभं राहण्याची मुद्रा आणि स्केटरची वाकलेली मुद्रा यांत फार अंतर नाही. पण शॉर्ट ट्रॅकमध्ये वळण फक्त डावीकडे असतं. शॉर्टस्टॉपला उजवीकडे जावं लागतं, तिसऱ्या बेसच्या बाजूच्या खोल फटीत. तिथे बॅकहँडनं चेंडू उचलून, उजवा पाय मातीत रोवून, सव्वाशे फुटांवर थ्रो करायचा असतो. त्या एका हालचालीत शरीराची सगळी धाव उलट्या दिशेची असते आणि चेंडू मात्र पहिल्या बेसकडे जायला हवा. पाय रोवला गेला नाही की थ्रो पहिल्या बेसच्या आधी टप्पा घेतो. ज्याला ही फेक रोज जमते तो शॉर्टस्टॉप राहतो. ज्याला तीनदा जमते आणि एकदा हुकते तो दुसऱ्या बेसवर जातो. मायनर लीगमधले बहुतेक दुसरे बेसमन शाळा-कॉलेजात शॉर्टस्टॉपच होते.

अल्वारेझ दोन्ही हातांनी फलंदाजी करणारा, उंचीनं पाच फूट नऊ इंच, तीन जागांवर खेळू शकणारा. याला युटिलिटी इनफिल्डर म्हणतात. ही त्याची ताकद आणि हीच त्याची अडचण. सगळीकडे खेळू शकणाऱ्याची कुठलीच जागा ठरलेली नसते. तो बर्मिंगहॅमला डबल-ए खेळला, शार्लटला ट्रिपल-ए खेळला, आणि मार्च २०१९ मध्ये व्हाइट सॉक्सनं त्याला मायामी मार्लिन्सला दिलं. बदल्यात खेळाडू आला नाही, रोख रक्कम आली. बेसबॉलच्या व्यवहारांच्या रोजच्या नोंदीत ‘रोख मोबदला’ हा शब्द सारखा दिसतो, आणि तो ज्याच्या नावापुढे येतो त्याला आपली किंमत कळते. त्या वर्षी न्यू ऑर्लिन्सला त्यानं ६६ सामन्यांत .३२३ ची सरासरी (हजार संधींत ३२३ हिट, म्हणजे सुरक्षित फटके) राखली आणि १२ होम रन मारले. २०१९ मध्ये ट्रिपल-एनं मेजर लीगचाच चेंडू वापरायला घेतला होता, त्यामुळे सगळ्यांचेच होम रन भरमसाट वाढले होते, हेही त्याच्या आकड्यातून वजा करायला हवं. तरीही .३२३ म्हणजे .३२३. त्याला वर बोलावणं आलं नाही.

इथे चाळीस जणांच्या यादीचा नियम समजून घ्यावा लागतो. मेजर लीगच्या प्रत्येक क्लबकडे चाळीस खेळाडूंचं रोस्टर असतं. त्यातले सव्वीस (२०१९ पर्यंत पंचवीस) प्रत्यक्ष संघात, बाकीचे मायनर लीगमध्ये राखीव किंवा जखमी. या चाळिसांतल्या खेळाडूला वर आणणं सोपं: एक फोन, एक विमान तिकीट. यादीबाहेरच्याला आणायचं तर आधी यादीतून कोणाला तरी काढावं लागतं, आणि काढलेला माणूस दुसरा क्लब उचलून नेऊ शकतो. म्हणून जनरल मॅनेजर विचार करतो की महिनाभराच्या गरजेसाठी तीस वर्षांच्या इनफिल्डरला आणून एकवीस वर्षांचा पिचर कशाला गमवायचा? .३२३ मारणारा अल्वारेझ आणि मेजर लीग यांच्यामध्ये कोणी चांगला खेळाडू उभा नव्हता. मध्ये यादीतली एक जागा होती.

ही जागा निघाली ती साथीमुळे. जुलै २०२० च्या अखेरीस, साठ सामन्यांचा आखूड मोसम सुरू होऊन चारच दिवस झालेले असताना मार्लिन्सच्या संघात कोविड पसरला आणि जवळपास अर्धा संघ बाहेर गेला. ५ ऑगस्टला बाल्टिमोरमध्ये अल्वारेझचं पदार्पण झालं, वय तीस. हिवाळी ऑलिंपिकमधला खेळाडू मेजर लीगमध्ये खेळण्याची ही पहिलीच वेळ. चार दिवसांनी, ९ ऑगस्टला, त्यानं पहिला हिट मारला तो जेकब डिग्रॉमला, जो आधीची सलग दोन वर्षं नॅशनल लीगच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेऊन बसला होता. त्या मोसमात तो १२ सामने खेळला आणि सरासरी दोनशेच्या आत राहिली. बारा सामन्यांच्या आकड्यावरून फलंदाज पारखता येत नाही, हे प्रत्येक क्लबला कळतं. पण यादीतली जागा परत घ्यायला तेवढा आकडा पुरतो.

पैशाचं गणित इथेच मांडायला हवं, कारण त्याशिवाय या माणसांची चिकाटी कळत नाही. २०२१ मध्ये ट्रिपल-एचा किमान पगार आठवड्याला ७०० डॉलर होता, डबल-एचा ६००, आणि तोही फक्त हंगामापुरता. मेजर लीगचा किमान पगार वर्षाला ५,७०,५०० डॉलर, म्हणजे दिवसाला तीन हजारांच्या वर. वरच्या एका दिवसाची कमाई खालच्या चार आठवड्यांपेक्षा जास्त. ४३ दिवस वर राहिलं की निवृत्तिवेतनाचा हक्क लागतो. सहा-सात वर्षं झालेले मुक्त खेळाडू ट्रिपल-एमध्ये किमानपेक्षा बरा करार मिळवतात, आणि २०२३ च्या सामूहिक करारानं ट्रिपल-एचा किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलरवर नेला. खेळाडूंच्या संघटनेनं मायनर लीगवाल्यांना आपल्यात घेतलं म्हणून हे झालं, आणि फार उशिरा झालं. त्याआधीच्या पिढ्या एका भाड्याच्या घरात पाच-सहा जण मिळून गादीवर झोपून खेळल्या.

आता देशाची जर्सी.

टोकियो ऑलिंपिकसाठी मेजर लीगनं हंगाम थांबवला नाही, आणि चाळिसांच्या यादीतले खेळाडूही सोडले नाहीत. त्यामुळे अमेरिकेच्या निवड समितीपुढे तीनच प्रकारची माणसं उरली: अजून यादीत न आलेली तरुण मुलं, यादीतून बाहेर पडलेले जुने खेळाडू, आणि जपानमध्ये खेळणारे अमेरिकी. पहिल्यांत रेड सॉक्सचा ट्रिस्टन कासास आणि ओकलंडचा शॉर्टस्टॉप निक अॅलन. दुसऱ्यांत टॉड फ्रेझियर, डेव्हिड रॉबर्टसन, स्कॉट काझमिर आणि अल्वारेझ. तिसऱ्यांत टायलर ऑस्टिन, निक मार्टिनेझ, स्कॉट मॅकगॉ. ज्या यादीनं अल्वारेझला सहा वर्षं दाराबाहेर ठेवलं, तिच्याबाहेर असणं हीच आता पात्रतेची अट होती.

ही अट किती काटेकोर चालते ते पात्रता फेरीत दिसलं. २०१९ च्या प्रीमियर १२ या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेत मेक्सिकोकडून हरल्यामुळे अमेरिकेची थेट जागा गेली होती, म्हणून मे-जून २०२१ मध्ये फ्लोरिडात अमेरिका खंडाची पात्रता स्पर्धा खेळावी लागली. तिथे फिलाडेल्फियाच्या ट्रिपल-ए संघातला इनफिल्डर ल्यूक विल्यम्स उत्तम खेळला, अमेरिकेनं व्हेनेझुएलाला हरवून तिकीट मिळवलं, आणि स्पर्धा संपल्यावर तीन दिवसांत फिलाडेल्फियाच्या मुख्य संघानं, फिलीजनं, त्याला वर बोलावलं. पदार्पणाच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं अटलांटाविरुद्ध शेवटच्या डावात सामना जिंकून देणारा होम रन मारला. पण वर बोलावणं आलं त्याच क्षणी त्याचं टोकियो संपलं होतं. त्याच पात्रता संघातला जॅरन डुरान जुलैमध्ये बोस्टनला गेला, त्याचंही तसंच. दोघांना जे हवं होतं तेच मिळालं. पण ज्यांनी संघाला ऑलिंपिकमध्ये नेलं त्यांच्या जागी टोकियोला दुसरे गेले, आणि हे असंच घडणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं.

जाणाऱ्याचीही किंमत असते. २०२१ मध्ये खेळाडूंच्या अदलाबदलीची अंतिम तारीख ३० जुलै होती. त्या आठवड्यात हरणारे क्लब अनुभवी इनफिल्डर विकतात आणि रिकाम्या जागांवर ट्रिपल-एमधून माणसं आणतात. म्हणजे वर्षातला सगळ्यात आशेचा आठवडा. नेमके ते दिवस टोकियोत घालवायचे. पूर्वी सप्टेंबरमध्ये रोस्टर चाळीसपर्यंत वाढत असे आणि जुन्या ट्रिपल-ए खेळाडूंना महिनाभर वर राहायला मिळे. २०२० पासून सप्टेंबरचं रोस्टर अठ्ठावीसवर आलं. त्यामुळे जुलै-ऑगस्टचे ते दिवस आणखी महाग झाले. तिशी ओलांडलेल्या इनफिल्डरनं त्या वेळी देशाकडून खेळायचं ठरवलं तर तो काय पणाला लावतो आहे हे नीट समजून घ्यायला हवं. मला ही निवड फार मोठी वाटते.

ऑलिंपिकचा संघ चोवीस जणांचा. जवळपास निम्मे पिचर, त्यात कॅचर वेगळे. चार इनफिल्ड जागांसाठी राखीव म्हणून जेमतेम दोन माणसं नेता येतात. अशा संघात एकाच जागेवर उत्तम खेळणाऱ्यापेक्षा तीन जागा निभावणारा आणि दोन्ही हातांनी मारणारा उपयोगी पडतो. क्लबच्या लांब मोसमात युटिलिटी खेळाडूला बाकावर बसवणारा गुण इथे त्याला आत घेतो. अल्वारेझ दुसऱ्या बेसवर उभा राहिला, त्याच्या उजव्या हाताला शॉर्टस्टॉपला निक अॅलन.

योकोहामा स्टेडियमवर कृत्रिम गवत आहे आणि माती फक्त बेसभोवती आणि पिचरच्या ढिगाऱ्यावर. अमेरिकी इनफिल्डर मातीवर वाढलेला असतो. मातीवर चेंडू मंदावतो, पण खड्ड्याला लागून तोंडाकडेही उडतो. कृत्रिम गवतावर टप्पा सरळ येतो, फक्त लवकर येतो. म्हणून एक-दोन पावलं मागे उभं राहायचं, आणि मागे गेलं की थ्रो लांब होतो, डबल प्लेसाठी बेसवर पोचायला अंतर वाढतं. पायाचाही फरक पडतो. मातीत धातूच्या खिळ्यांचा बूट घसरत थांबतो, तर कृत्रिम गवतावर पाय जागच्या जागी अडतो आणि झटका थेट गुडघ्याला जातो. खेळाडू तिथे रबरी खिळ्यांचे बूट घालतात ते यासाठी. ऑलिंपिकचा चेंडू एसएसके या जपानी कंपनीचा होता, क्लबमध्ये रोज हातात असतो तो नव्हे. सरावाच्या पहिल्या दिवसांत इनफिल्डर उगाचच चेंडू हातात फिरवत बसलेले दिसतात ते बोटांना शिवण ओळखीची व्हावी म्हणून.

२३ जुलैच्या उद्‌घाटनाला बास्केटबॉलपटू स्यू बर्डबरोबर अमेरिकेचा ध्वज अल्वारेझच्या हातात होता. हा मान मिळालेला तो पहिला बेसबॉलपटू. निवड खेळाडूंच्या मतांनी होते. त्यानंतर अमेरिकेनं इस्राएलला ८-१ आणि दक्षिण कोरियाला ४-२ हरवलं. जपानविरुद्धचा सामना दहाव्या डावात ७-६ असा हातून गेला. डॉमिनिकन रिपब्लिकला ३-१ आणि उपान्त्य सामन्यात कोरियाला ७-२ हरवून संघ पुन्हा जपानसमोर आला. ७ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात तिसऱ्या डावात मुनेताका मुराकामीनं निक मार्टिनेझला होम रन मारला, आठव्यात तेत्सुतो यामादा होमवर पोचला. २-०. अमेरिकी फलंदाजांना जपानी पिचरांची फोर्कबॉल, म्हणजे अचानक खाली पडणारा चेंडू, शेवटपर्यंत उलगडली नाही. जपाननं मात्र आपली लीग थांबवून सगळे अव्वल खेळाडू आणले होते. दोन संघांतला हा फरक धावफलकावर फक्त दोन धावांचा राहिला, याचं श्रेय त्या यादीबाहेरच्या माणसांना मिळायला हवं.

आंतरराष्ट्रीय खेळाचं दुसरं दार वर्ल्ड बेसबॉल क्लासिकचं. तिथे पात्रता सैल असते: आई किंवा वडील त्या देशाचे नागरिक असतील, तिथे जन्मलेले असतील, किंवा खेळाडूला त्या देशाचं नागरिकत्व मिळण्याजोगं असेल, तरी खेळता येतं. २०१७ मध्ये इस्राएलच्या संघात जवळपास सगळे ज्यू वंशाचे अमेरिकी होते. मेट्सच्या संघटनेत ट्रिपल-ए आणि मेजर लीगमध्ये ये-जा करणारा युटिलिटी इनफिल्डर टाय केली त्यांच्यातलाच एक. त्या संघानं सोलमध्ये गटातले तिन्ही सामने जिंकले आणि टोकियोत क्यूबालाही हरवलं. ऑलिंपिकला मात्र प्रत्यक्ष पासपोर्ट लागतो. म्हणून केलीनं आणि चार वेळा ऑल-स्टार झालेल्या इयन किन्सलरनं इस्राएलचं नागरिकत्व घेतलं आणि टोकियोला अमेरिकेविरुद्धच्या त्या ८-१ च्या सामन्यात दुसऱ्या बाजूला हेच लोक होते. ज्या इनफिल्डरला हे दार वापरायचं आहे त्यानं आई-वडिलांचे जन्मदाखले आणि नागरिकत्वाचे कागद दोन-तीन वर्षं आधी जमवायला घ्यावेत. कागदांना वेळ लागतो आणि स्पर्धेच्या तारखा थांबत नाहीत.

टोकियोनंतर अल्वारेझ त्याच मोसमात मार्लिन्सकडे परत गेला, २४ सामने खेळला, सरासरी पुन्हा दोनशेच्या आत. २०२२ मध्ये डॉजर्सकडून थोडे सामने झाले. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मेट्सनं त्याला बोस्टनच्या संघटनेकडून घेतलं, पुन्हा रोख मोबदल्यावर, आणि दुखापतींच्या काळात काही दिवस वर आणलं. वय चौतीस. टोकियोच्या संघातला दुसरा इनफिल्डर जॅक लोपेझ २०१२ पासून मायनर लीगमध्ये होता. ऑलिंपिकनंतर तीनच आठवड्यांत रेड सॉक्सच्या संघात कोविड पसरला आणि त्याचं पदार्पण झालं. अशा माणसांना बेसबॉलमध्ये ‘फोर-ए’ म्हणतात: ट्रिपल-एपेक्षा वरचे, मेजर लीगपेक्षा खालचे. हा शब्द क्लब हिशेबाच्या भाषेत वापरतात. पण असे दोन-तीन खेळाडू हाताशी नसले तर कुठल्याही क्लबचा ऑगस्ट निभत नाही.

२०२८ ला बेसबॉल लॉस एंजेलिसमध्ये ऑलिंपिकला परत येतंय, क्रिकेटसोबत. मेजर लीगचे खेळाडू सोडण्याची चर्चा सुरू आहे. ते आले तर स्पर्धा मोठी होईल आणि व्हायलाही हवी. पण २०२३ च्या क्लासिकमध्ये अमेरिकेचा संघ पाहा: दुसऱ्या बेसवर उभा होता टिम अँडरसन, जो एरवी व्हाइट सॉक्सचा ऑल-स्टार शॉर्टस्टॉप. तारे मिळाले की युटिलिटीची जागाही ताऱ्यांतूनच भरते. त्यात यजमान म्हणून अमेरिकेला थेट प्रवेश आहे, म्हणजे फ्लोरिडासारखी पात्रता फेरीही खेळावी लागणार नाही. मग यादीबाहेरच्या अमेरिकी इनफिल्डरला मुख्यतः प्रीमियर १२ उरेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या स्पर्धेत अमेरिका तिसरी आली, आणि त्या संघात शिकागो कब्जच्या ट्रिपल-एमधला मॅट शॉ होता. चार महिन्यांनी, मार्च २०२५ मध्ये, टोकियो डोमवर डॉजर्सविरुद्ध तिसऱ्या बेसवर त्याचं मेजर लीगमधलं पदार्पण झालं. शॉ तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि पहिल्या फेरीत ड्राफ्ट झालेला. तिशीतल्या युटिलिटी इनफिल्डरला प्रीमियर १२ मधून असं काही मिळतं का, हे २०२७ च्या संघात त्या वयाची किती माणसं घेतात त्यावरून कळेल.